वाडीतला आंबा पिकला, पण हिशेब कोण ठेवणार?

सुरत : दिवाळी आटोपली की नंदुरबार, धुळे आणि डांगमधून ऊसतोड मजुरांचे ट्रक बारडोली, सायणच्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. हे स्थलांतर कमी व्हावं म्हणून वांसदा तालुक्यात १९८२ साली ‘वाडी’ प्रकल्प सुरू झाला. वांसदा आता नवसारीत असला, तरी पूर्वी तो सुरत जिल्ह्यातच होता. प्रकल्प पुण्याच्या ‘बायफ’ संस्थेचा. तिचे संस्थापक मणिभाई देसाई मूळचे सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडाचे. उरुळी कांचनला आयुष्य काढल्याने आपल्याकडे अनेकांना ते मराठीच वाटतात.

वाडी म्हणजे साधारण एकरभर जमीन. त्यात आंबा-काजूची कलमं, मधल्या जागेत भाजीपाला, कडधान्य आणि कडेने सरपणाची झाडं. कलमं धरेपर्यंत मधलं पीक घर चालवतं. १९९५ पासून जर्मनीची केएफडब्ल्यू बँक आणि नाबार्डचं पाठबळ मिळालं, मग हाच नमुना महाराष्ट्रातही आला.

झाडं लागली, फळं आली. खरी अडचण त्यानंतरची. मोहोर दिसताच व्यापारी दारात येतो, उचल देतो आणि बाग बोलून घेतो. शेतकऱ्याला व्यवसायाचं प्रशिक्षण हवं ते इथे.

आकडे नमुन्याचे आहेत, पण हिशेब असाच होतो. समजा ४०० किलो आंबा बांधावर २० रुपयांनी विकला, तर ८,००० रुपये आले. सुरतच्या बाजारात भाव ३५. म्हणजे १४,००० रुपये, असं वाटतं. पण ४० किलो माल खराब झाला की उरतात १२,६००. गाडीभाडं १,६००, क्रेट-हमाली-दलाली ८०० आणि घरच्या दोघांची दोन-दोन दिवसांची मजुरी १,६००. हातात ८,६००. एवढी धावपळ करून फायदा फक्त ६०० रुपये! घरची मजुरी कुणी धरतच नाही, म्हणून हे दिसत नाही. तोच माल गटाने एका गाडीत नेला, भाडं माणशी ४०० आणि मजुरी ८०० वर आली, तर फायदा २,६०० होतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या कोको उत्पादकांसाठी जर्मनीच्या जीआयझेड संस्थेने २०१० पासून शेतकरी व्यवसाय शाळा चालवल्या, त्यातही भर याच वहीवर होता. पण वहीने भाव वाढत नाही. २०२४ मध्ये जगात कोको टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, तेव्हा घानातल्या शेतकऱ्याला सरकारने ठरवलेलाच दर मिळत होता.

म्हणून प्रशिक्षणामागे खरेदीदार लागतो. वाडी शेतकऱ्यांच्या गटांनी २००४ मध्ये ‘वसुंधरा’ ही उत्पादक कंपनी उभी केली. काजू, लोणची ‘वृंदावन’ नावाने बाजारात आली.

सीमेपलीकडच्या गटांनाही ही वाट मोकळी आहे. केंद्राच्या २०२० च्या योजनेत मैदानी भागात किमान ३००, डोंगराळ भागात १०० सभासद लागतात. भागभांडवलावर सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत जोड अनुदान, आणि तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो. त्यातून व्यवस्थापक आणि हिशेबनिसाचा पगार भागतो. माल तोलल्याच दिवशी रोख द्यायला लागणारे पैसे मात्र वेगळे उभे करावे लागतात, नाहीतर शेतकरी पुढच्या मोहोराला पुन्हा व्यापाऱ्याकडेच जाणार. त्यासाठी २ कोटींपर्यंतच्या कर्जाला हमीची सोय आहे. पण बँक आधी ताळेबंद मागते.