अपग्रेडचं बटण दाबण्याआधी

आजचा विषय संगणकाचा आहे. "आम्ही कुठे संगणक चालवतो?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. गटाच्या कार्यालयातल्या संगणकात तुमच्या बचतीचा आणि कर्जाचा हिशोब आहे. म्हणजे हा विषय तुमच्या पैशांचा आहे.

सध्या बऱ्याच कार्यालयांत संगणक उघडला की पडद्यावर सूचना येते, विंडोज ११ घ्या. कारण असं की विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर संगणक बंद पडत नाही, पण नव्या व्हायरसपासून वाचवणाऱ्या दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत. त्यामुळे बदल तर करायला हवा. पण बटण दाबण्याआधी काय तपासायचं, हे आम्ही एकदा चुकून शिकलो. ते आधी सांगतो.

२०२० च्या जानेवारीत विंडोज ७ ची मुदत अशीच संपली होती. आमच्या कार्यालयात जुना संगणक होता. हिशोबाचा प्रोग्रॅम त्याहून जुना, डॉसच्या काळातला, काळ्या पडद्यावर चालणारा. कुणीतरी म्हणालं, नवीन विंडोज टाकून घ्या, संगणक पळेल. आम्ही माणूस बोलावला. त्याने विचारलं, "डेटा काढून ठेवलाय ना?" आम्ही पेन ड्राइव्ह दाखवला. त्याने सगळं पुसून विंडोज १० टाकलं. संगणक खरंच पळायला लागला. हिशोबाचा प्रोग्रॅम मात्र उघडेना. पेन ड्राइव्हवर माहिती होती, पण ती वाचणारं काही नव्हतं. दोन दिवसांनी बँकेत कर्जाची फाईल द्यायची होती.

त्याच दिवशी सुकी मासळी विकणारी आमची एक मावशी आली. "माझे किती हप्ते राहिलेत गं?" एवढंच तिने विचारलं. आम्हाला सांगता आलं नाही. ती काही बोलली नाही, पण तिने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते अजून आठवतं. गट विश्वासावर चालतो, आणि तिचा हिशोब आम्हीच कुलपात घालून बसलो होतो.

शेवटी एका सभासदाच्या घरी तसाच जुना संगणक सापडला. त्यावर प्रोग्रॅम चालवून सगळी खाती छापून घेतली आणि कागदी नोंदवहीशी ताळा केला. बँकेची तारीख मात्र चुकली. बारा जणींचं कर्ज महिनाभर पुढे गेलं.

चूक त्या माणसाची नव्हती. त्याला संगणक माहीत होता, आमची कामं माहीत नव्हती. ती आम्हीच सांगायला हवी होती.

असं का होतं ते समजून घेऊ. विंडोज म्हणजे संगणकाचा कारभारी. हिशोबाचा प्रोग्रॅम, प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र, सगळे त्याच्यामार्फत काम करतात. कारभारी बदलला की जुन्या माणसांची भाषा त्याला कळेलच असं नाही. डॉसच्या काळातले प्रोग्रॅम ३२ बिटच्या विंडोजवर चालत, ६४ बिटच्या विंडोजवर ते थेट चालत नाहीत. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं.

आता तपासणी. पहिला प्रश्न, आपल्या संगणकाला विंडोज ११ झेपेल का? त्याला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवणूक आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. प्रोसेसरही ठराविकच चालतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणून २०१८ च्या आधी घेतलेले बरेच संगणक यात बसत नाहीत. हे पाठ करायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो चालवला की झेपेल की नाही, हे तोच सांगतो.

पण तो सांगतो ते फक्त यंत्राचं. तुमचा हिशोबाचा प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालेल का, हे तो सांगत नाही. म्हणून दुसरं काम सगळ्यात महत्त्वाचं: यादी. गटाच्या वहीत एक पान घ्या आणि या संगणकावर आपण काय काय करतो ते लिहा.

हिशोबाचा प्रोग्रॅम: नाव काय, कोणत्या वर्षीचा, बनवणाऱ्याचा फोन लागतो का? त्याला सरळ विचारा, "विंडोज ११ वर चालतो का? नवीन आवृत्ती घ्यावी लागेल का? जुना डेटा त्यात येईल का? पैसे किती?" उत्तर मेसेजवर लेखी मागा.

मराठी फॉन्ट: आपले जुने ठराव आणि अर्ज कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. सगळं पुसून नवीन विंडोज टाकलं आणि तो फॉन्ट परत टाकला नाही, तर मराठी ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर गेलेला नसतो, फॉन्ट टाकला की परत दिसतो. पण ऐन वेळी जीव घाबरा होतो. म्हणून फॉन्ट आणि टायपिंगचा प्रोग्रॅम आधी जपून ठेवा. नवीन टायपिंग युनिकोडमध्ये करा, ते कुठल्याही संगणकावर आणि मोबाइलवर मराठीच दिसतं.

प्रिंटर आणि स्कॅनर: यंत्रावरचा मॉडेल नंबर लिहून घ्या. त्याचं विंडोज ११ साठीचं ड्रायव्हर आहे का, ते कंपनीकडे पाहा. कोकम, पापड, पांढऱ्या कांद्याची लेबलं छापणाऱ्या गटांनी तर सणाच्या आधीच पाहावं.

अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन: बँक सखी काम करत असेल किंवा गटाचा जीएसटी भरला जात असेल, तर या दोन वस्तू विसरू नका. यांनाही स्वतःचे ड्रायव्हर लागतात.

यादीतल्या प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक उत्तर लिहा: चालेल, नवीन आवृत्ती लागेल, चालणार नाही. एकाही नावापुढची जागा रिकामी असेल तर बटण दाबायचं नाही.

तिसरं काम, प्रत. माहिती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि एक जागा कार्यालयाबाहेरची हवी. नुसती प्रत काढून थांबू नका. आमची तिथेच चूक झाली. ती दुसऱ्या संगणकावर, शक्यतो नव्या विंडोजवर, उघडून बघा. उघडली तरच ती प्रत. शिवाय त्या दिवशीची सगळी खाती कागदावर छापून घ्या आणि पासबुकं भरून द्या.

दिवसही बघून निवडा. मार्चअखेर नको, बँकेच्या बैठकीचा आठवडा नको. आपल्याकडे पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, आणि बदल अर्ध्यावर असताना वीज गेली तर संगणक अडकू शकतो. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएस हवाच. विंडोज १० वरून ११ वर थेट अपग्रेड केलं आणि काही चाललं नाही, तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागे जाता येतं. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांतच यादीतलं प्रत्येक काम करून पाहा. सगळं पुसून नवीन विंडोज टाकलं असेल तर मात्र ही सोय मिळत नाही.

संगणकाला झेपत नसेल तर घाईने भंगारात काढू नका. घरगुती वापराच्या विंडोज १० साठी सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत नोंदणी करून घेता येतील, अशी सोय कंपनीने जाहीर केली. तेवढ्या वेळात पैशांची तजवीज करता येते. लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या संगणकावरही चालते, पण तिच्यासाठीही हीच यादी तपासावी लागते.

मैत्रिणींनो, बंदी उठल्यावर होडी पाण्यात ढकलण्याआधी आपली माणसं जाळं, इंजिन, डिझेल, सगळं हात लावून बघतात. कार्यालयातल्या संगणकालाही तेवढंच बघणं लागतं. पुढच्या बैठकीत यादीचं पान काढा. आणि संगणकाला कधीच हात न लावणाऱ्या ताईंनी, मावशींनी एवढंच विचारायचं: "माझ्या खात्याचा छापील कागद आहे का?" तो हातात मिळेपर्यंत कुणालाही बटण दाबू देऊ नका.