एका अक्षराचा फेर

संस्कृतातील 'हृ' या एकाच धातूला निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार आणि संहार असे शब्द होतात. आणि आहाराच्या जागी संहार लिहिणारा मनुष्य आपल्यात सहसा सापडत नाही. इंग्रजीत मात्र तशीच चूक आपण नित्य करतो. 'करणे' या अर्थाच्या एका लॅटिन धातूपासून 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' हे दोन शब्द निघाले. एकाच्या आरंभी 'ए', दुसऱ्याच्या आरंभी 'ई'. पहिला बहुधा क्रियापद, परिणाम करणे; दुसरा बहुधा नाम, तो परिणाम. शाळेत इथवर शिकवतात. खरी अडचण याच्या पुढची आहे. 'इफेक्ट' क्रियापदही होतो, आणि मग त्याचा अर्थ 'घडवून आणणे' असा होतो. दोन भावांच्या वाटणीच्या तंट्यात मध्यस्थाने समेट 'इफेक्ट' केला असे लिहिले, तर त्याने तो घडवून आणला. 'अफेक्ट' केला असे लिहिले, तर झालेल्या समेटाला त्याने बाधा आणली, असा अर्थ काढायला जागा राहते. बोलताना दोहोंचे आरंभीचे स्वर इतके पुसट होतात की कानावर विसंबता येत नाही. नाम हवे की क्रियापद, आणि क्रियापद हवे तर कोणते, हे आधी मनाशी ठरवावे लागते.

'प्रिन्सिपल'चा संबंध तर थेट खिशाशी आहे. शेवटी 'ए-एल' असेल तर तो मुळात विशेषण: मुख्य. त्यावरून कॉलेजचे प्राचार्य, आणि त्यावरूनच कर्जाचे मुद्दल. 'थोरला मुलगा' न म्हणता आपण 'थोरला मुंबईस असतो' म्हणतो ना, तसेच हे विशेषण नामाच्या जागी बसले. शेवटी 'एल-ई' असेल तर मात्र ते केवळ नाम: तत्त्व. (माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात मी मायन्यातच प्राचार्यांना 'तत्त्व' करून टाकले होते. नोकरी मिळाली नाही.) आपल्यापैकी कित्येकांनी स्नेह्यासाठी जामीन म्हणून सही केली असेल. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात मूळ ऋणकोला 'प्रिन्सिपल डेटर' म्हटले आहे. तो मुख्य, म्हणून आपण दुय्यम, असे समजून कोणी स्वस्थ राहू नये. करारात वेगळे ठरले नसेल, तर जामिनाची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, आणि धनको ऋणकोला सोडून प्रथम जामिनाच्या दाराशीही येऊ शकतो.

'अ‍ॅडव्हाइस' आणि 'अ‍ॅडव्हाइझ' ही जोडी त्या मानाने सोपी. 'सी' असेल तर नाम, सल्ला. 'एस' असेल तर क्रियापद, सल्ला देणे. येथे उच्चारही साह्याला येतो. मराठीत आपण खुशाल चार सल्ले देतो. इंग्रजीत या नामाचे या अर्थी अनेकवचन होत नाही. 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' या शब्दांतही ब्रिटिश लेखनाप्रमाणे नामात 'सी' आणि क्रियापदात 'एस' असतो, पण उच्चार एकच. अमेरिकनांनी हा भेद मोडून पहिला शब्द नेहमी 'सी'ने आणि दुसरा नेहमी 'एस'ने लिहिण्याचा प्रघात पाडला. त्यामुळे आपण अगदी बिनचूक लिहिलेल्या ब्रिटिश क्रियापदाखाली अमेरिकन पद्धतीवर लावलेला संगणक तांबडी रेघ ओढतो. अशा वेळी शब्द बदलू नये, संगणकाची भाषा बदलावी.