बोनेअर: रस्त्यावरून थेट प्रवाळात

व्हेनेझुएलाच्या उत्तरेला सुमारे 80 किलोमीटरवर असलेले बोनेअर हे नेदरलँड्सच्या अखत्यारीतील कॅरिबियन बेट स्कूबा डायव्हिंगसाठी प्रसिद्ध आहे. एरवी डायव्हिंगसाठी बहुधा बोटीने जावे लागते. येथे पश्चिम किनाऱ्यालगतच प्रवाळ असल्याने भाड्याची पिकअप रस्त्याकडेला लावायची, सिलिंडर पाठीला बांधायचा आणि चालत पाण्यात शिरायचे. ठिकाणांची नावे रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडांवर रंगवलेली असतात.

बेटाभोवतीचा समुद्र 60 मीटर खोलीपर्यंत 1979 पासून संरक्षित आहे. पर्यटकाला शुल्क भरून आधी एक चाचणी डाइव्ह करावी लागते. हातमोज्यांना बंदी आहे, आणि ती शहाणपणाची आहे. उघड्या हाताने प्रवाळाला धरायला कोणी सहसा धजत नाही.

गांजा सापडल्यामुळे अडकवून ठेवलेले ‘हिल्मा हूकर’ हे मालवाहू जहाज 1984 मध्ये येथे बुडाले. ते सुमारे 30 मीटर खोल वाळूवर कलंडून पडले आहे. एवढ्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, त्यामुळे सिलिंडरमधील हवाही तितक्याच झपाट्याने संपते. शिवाय शरीरात जास्त नायट्रोजन विरघळतो. घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणून सावकाश वर येत पाच मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची पद्धत आहे.

विमानातही हवेचा दाब कमी असतो. अनेक डाइव्ह झाल्यावर किमान 18 तास विमानप्रवास टाळावा. सुट्टीचा शेवटचा दिवस जमिनीवरच काढावा.