खाणीखालच्या ओढ्याचे पाणी

माझी एक मावसबहीण चंद्रपूर जिल्ह्यात राहते. मेहुणे कोळसा खाणीत नोकरीला. आपल्याकडचे पाहुणे तिकडे गेले की दुसऱ्या दिवशी हटकून जुलाब, घरची माणसे मात्र ठणठणीत! उन्हाळ्यात नळ आटला की ती मंडळी खाणीच्या खालच्या अंगाला ओढ्यातल्या झिऱ्याचे पाणी भरतात. "उकळून गाळूनच पितो रे दादा," असे सांगत तिने एकदा बाटलीच माझ्यापुढे ठेवली. पाणी नितळ होते.

एका बाटलीने काही कळत नाही, हे तिला पटवायला वेळ लागला. खाणीच्या वरच्या अंगाचे पाणी आणि खालचे, दोन्ही एकाच दिवशी घ्यायला हवे. फरक पडला तरच मधल्या जागेकडे बोट दाखवता येते. तेही मे महिन्यात एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा, कारण मातीचे ढिगारे तेव्हाच धुऊन येतात.

कोळशाच्या थरात लोह व गंधक यांचे पायराइट नावाचे खनिज असते. हवा-पाणी लागले की त्याचे गंधकाम्ल बनते. मेघालयात जैंतिया टेकड्यांतले ओढे याच आंबटपणाने मासळीला मुकले. खडकात चुना असेल तर आंबटपणा मरतो. पण सल्फेट विरघळलेले राहते, ते डोळ्यांना दिसत नाही. पिण्याच्या पाण्यात सल्फेट लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर ४०० पर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. मॅग्नेशियम सल्फेट तर आम्ही डॉक्टर जुलाबाचे औषध म्हणूनच देत आलो! रोज पिणाऱ्याला ते अंगवळणी पडते, नव्या माणसाला बाधते. उकळल्याने जंतू मरतात, क्षार मात्र जात नाहीत. उलट पाणी आटते तसे ते दाट होतात. तुरटीही येथे कामाची नाही.

बहिणीने दोन बाटल्या तपासून घेतल्या. वरचे पाणी मर्यादेत, खालचे मर्यादेबाहेर. पाहुण्यांच्या जुलाबाचे कारण हेच, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जंतूंची तपासणी वेगळी असते व तिला प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली लागते. परंतु झिऱ्याचे पाणी आता भांडी-धुण्यापुरतेच, आणि लहान नातवाला तर ते मुळीच नाही.

आपल्या जिल्ह्यात कोळसा नाही. पण कारखान्याचा नाला मिळतो तेथे तेरणाकाठच्या माणसानेही असेच करावे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठाचे नव्हे तर वाहते पाणी काठोकाठ भरा, जागा, तारीख व वेळ लिहून लगेच जिल्हा प्रयोगशाळेत पोचवा. लोहाच्या तपासणीची बाटली आधी तेथूनच मागून घ्या, कारण साध्या बाटलीत लोह गंजासारखे तळाशी बसते आणि आकडा खोटा कमी येतो.