गाडी उचलताना शाफ्टमधून ‘खट्ट’ आवाज येतोय? आधी ग्रीस बघा

नाशिककर ट्रकवाल्या मित्रांनो, कांदा भरून कसारा घाटात ब्रेक-क्लच करताना किंवा सिग्नलवरून गाडी उचलताना खालून एकच ‘खट्ट’ येत असेल, तर लगेच गिअरबॉक्स उघडू नका. बऱ्याचदा दोष प्रोपेलर शाफ्टच्या स्लिप जॉइंटचा असतो. स्प्रिंग दबल्या-सुटल्या की शाफ्टची लांबी बदलते आणि स्प्लाइनचे दाते एकमेकांत सरकतात. ते कोरडे पडले की अडकतात आणि झटक्यात सुटतात. तोच हा आवाज.

✅ ग्रीस कोणतं? लिथियम कॉम्प्लेक्स, ईपी, एनएलजीआय 2 आणि त्यात 3 ते 5 टक्के मॉली (मॉलिब्डेनम डायसल्फाइड). दाबाखाली ग्रीस बाजूला सरकलं तरी मॉलीचा थर दात्यांवर टिकतो.

✅ कसं भरायचं? निप्पल पुसून घ्या. योकच्या टोकाच्या छोट्या भोकातून ग्रीस डोकावलं की त्यावर बोट दाबा आणि सीलमधून नवं ग्रीस येईपर्यंत गन मारा.

❌ वेगवेगळ्या जातींची ग्रीस मिसळू नका. काही जोड्या पातळ होऊन वाहून जातात. जुनं आधी पूर्ण साफ करा.

⚠️ शाफ्ट हाताने हलवून पाहा. क्रॉस, सेंटर बेअरिंग किंवा स्प्लाइनमध्ये खेळ जाणवला, तर ग्रीसने भागणार नाही, पार्टच बदला. तुटलेला शाफ्ट जीव घेऊ शकतो.

पुढच्या सर्व्हिसला हे मिस्त्रींना आवर्जून दाखवा.