चाकाआडचा लाल रंग

पहिला वास आला तो आमच्या सौभाग्यवतींना. "अहो, काहीतरी जळतंय," त्या म्हणाल्या. डिसेंबर २०१८ मधला रविवार होता. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही चापून आम्ही तिघे खाली उतरत होतो. कोणीतरी शेकोटी पेटवली असेल, असे म्हणून मी विषय उडवून लावला. पुढच्या वळणावर ब्रेकवर पाय ठेवला, तो नेहमीपेक्षा खाली गेला. त्यापुढच्या वळणावर आणखी खाली. तिसऱ्या वळणाला पायाखाली जणू ओला बोळाच होता.

पहिला गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला कशीबशी थांबवली. उतरून पाहतो तो डाव्या पुढच्या चाकातून निळसर धूर. सौ.नी बाटलीतले चार थेंब चाकावर शिंपडले, तर तापल्या तव्यावर व्हावे तसे चर्र झाले. चिरंजीव काही बोलत नव्हते. ते का बोलत नव्हते, त्याचीच ही गोष्ट.

आमची गाडी मारुती झेन, २००१ सालची. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत, मागे ड्रम. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा तो कॅलिपर. त्याच्या पोटात एक पिस्टन असतो. आपण पायाने पेडल दाबले की ऑइलच्या दाबाने तो पुढे सरकतो आणि पॅड थाळीवर आवळले जातात. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये लँचेस्टरने १९०२ साली तिचे पेटंट घेतले होते. पण तिचा बोलबाला झाला तो १९५३ मध्ये, डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वारने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा.

इटलीच्या ब्रेम्बो कंपनीचे लाल कॅलिपर तरुण मुलांना पाठ असतात. (याच कंपनीचा दुचाकींच्या ब्रेकचा कारखाना आमच्या चाकणला आहे, ही माहितीही चिरंजीवांनीच पुरवली.) पोर्शच्या गाडीत पिवळा कॅलिपर दिसला, तर आत सिरॅमिकची डिस्क आहे असे समजायचे. म्हणजे तिथे रंगाला काही अर्थ तरी आहे. आमच्या झेनला चाकावर टोप्या होत्या, कॅलिपर दिसायचाच नाही! पण दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीवांनी सेकंडहँड अलॉय व्हील आणली आणि त्यांच्या जाळीतून तो गंजका, काळपट ठोकळा दिसू लागला. "बाबा, शंभर रुपयांत काम होईल," ते म्हणाले. घरात खिडक्यांच्या गजांसाठी आणलेला लाल ऑइल पेंट अर्धा डबा उरला होता. मीच तो काढून दिला. तेव्हा गुन्ह्यात मीही सामील.

आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने निदान एक गणित करायला हवे होते. माणसांसकट ९०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, की जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात एक लिटर पाणी ३० अंशांनी तापेल. हे एकदा थांबण्याचे झाले. घाटातून ५०० मीटर खाली उतरायचे, तर १४ लिटर पाणी उकळीला यावे एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. त्यातली काही इंजिन खाते, काही वारा खातो. उरलेली ब्रेकच्या वाट्याला येते, आणि त्यातली बरीचशी त्या दोन पुढच्या थाळ्यांच्या. तिथे आम्ही खिडकीच्या गजांचा रंग लावला होता.

तासाभराने चाक निवले, पेडल थोडे वर आले आणि पहिल्या गिअरमध्ये आम्ही खाली पोचलो. त्या तासाभरात सौ. एक शब्द बोलल्या नाहीत. तो तास घाटापेक्षा अवघड होता.

सोमवारी मिस्त्रींनी चाक काढले आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, हे कोणी रंगवलं?" चिरंजीव स्वतःचे बूट न्याहाळू लागले. लाल रंगाचा विटकरी झाला होता, जागोजागी फोड आले होते. पण मिस्त्रींचे बोट भलतीकडेच होते. पॅड ज्या खाचांतून मागेपुढे सरकतात, त्या खाचांतही रंगाचे जाड थर बसले होते. ब्रेक सोडला तरी पॅड मागे येत नव्हते, थाळीला घासतच राहायचे. गावात दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते कळले नाही. गाडी हल्ली जरा जड चालते, असे मला वाटे. मी पेट्रोलला दोष देत होतो. त्यातच ब्रेक ऑइल कित्येक वर्षांत बदललेले नव्हते. हे ऑइल हवेतले पाणी शोषते. आमच्या गाडीतले डॉट ३ जातीचे ताजे ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर १४० च्या आसपासही उकळू शकते. उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पाय खाली जातो. वर्गात हे मी किती वेळा शिकवले असेल! तापल्या डिस्कवर पाणी मारल्याबद्दल मिस्त्रींनी वेगळे सुनावले. ती तडकू शकते म्हणे. सौ.नी ते निमूटपणे ऐकून घेतले, हेही नमूद करायला हवे.

कॅलिपर उघडला तर पिस्टनवर गंज आणि रबरी टोपीला चीर. म्हणजे सील किट बदलायचेच होते. "सगळं सुटं झालंच आहे, तर आता पावडर कोटिंग करून घ्या," मिस्त्री म्हणाले. साफसफाई करताना त्यांनी हवेचा पाइप लावला नाही, ओल्या फडक्याने भुकटी पुसून घेतली. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे, तेव्हापासूनची त्यांची ती सवय.

भोसरीतल्या त्या शेडमध्ये लोखंडी कपाटे आणि खिडक्यांच्या जाळ्या ओळीने टांगलेल्या होत्या. कोरड्या पावडरीला विजेचा भार देतात, वस्तू अर्थिंगला जोडतात, आणि बंदुकीतून सुटलेली पावडर आपण होऊन वस्तूला जाऊन चिकटते. मग भट्टीत २०० अंशांना दहा-पंधरा मिनिटे. पावडर वितळते आणि कातडीसारखी घट्ट बसते. "आमची नानकटाई १८० ला होते," सौ. म्हणाल्या. त्या भट्टीत रबर टिकत नाही, म्हणून सील, टोप्या, पिना सगळे आधी काढायचे. पिस्टनचे भोक, सीलची खाच, पॅडच्या खाचा, सगळे आटे आणि तांब्याचे वॉशर बसतात ती जागा, हे सारे सिलिकॉनची बुचे आणि उष्णता सोसणारी पट्टी लावून झाकायचे. मिस्त्रींनी हे काम दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. कपाटांसारखे ॲसिडच्या टाकीत बुडवण्यालाही त्यांनी नकार दिला. भोके बुजवून, वाळूसारख्या खड्यांचा मारा करूनच गंज काढला. कॅलिपर बिडाचा असतो, बिडाच्या छिद्रांत तेल मुरलेले असते. ते रंगाखालून फुगून येऊ नये म्हणून नुसतेच कॅलिपर आधी एकदा भट्टीत तापवून घेतले.

रंगाचा प्रश्न मात्र अडला. त्या आठवड्यात सीमेन्स ग्रेचा लॉट चालू होता. दोन नगांसाठी कोणी बंदूक धुऊन लाल पावडर भरणार नाही. करडा हवा तर उद्या, लाल हवा तर पुढच्या शुक्रवारी. मी करडा म्हणालो. चिरंजीवांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की आम्ही शुक्रवारपर्यंत रिक्षाने फिरलो.

खरे सांगायचे तर नुसत्या हौशीसाठी एवढा खटाटोप करू नये. कॅलिपरसाठी उष्णता सोसणारा खास रंग बाजारात मिळतो. चाक काढून, घासून, पॅड आणि खाचा नीट झाकून त्याचे दोन पातळ हात दिले, तर ऑइलची नळीसुद्धा सोडावी लागत नाही. पावडर कोटिंग शोभते ते कॅलिपर दुरुस्तीसाठी खोललेलाच असेल तेव्हा. आणि दोन्हींपैकी कशानेही गाडी एक फूटही आधी थांबत नाही.

नवे सील, नवे पॅड, तांब्याचे नवे वॉशर, नवे ऑइल. ब्रेकची हवा काढायला पेडलवर चिरंजीवांना बसवले. मिस्त्री खालून "दाब", "धर", "सोड" ओरडत होते. ब्रेक ऑइलचा एक थेंब मडगार्डवर पडला, तो मी पुसेपर्यंत तिथला रंग सुरकुतला. ती खूण अजून आहे.

फेब्रुवारीत पुन्हा सिंहगडावर गेलो. उतरताना दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. पायथ्याशी गाडी थांबवली, तर सौ. उतरल्या आणि चाकाजवळ गेल्या. या वेळी पाणी नव्हते. भाकरी टाकायच्या आधी तव्यावर धरतात तसा त्यांनी हात अंतरावर धरला. मग दुसऱ्या चाकाशी जाऊन तिथेही धरला.

"दोन्हीकडं सारखंच आहे," त्या म्हणाल्या आणि गाडीत येऊन बसल्या.