खरखरीची बाजू

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या पेठसारख्या गावात वरात निघते तेव्हा बेंजो सनईसारखा अलगद कानावर येत नाही, खरवडत येतो. वाद्य हलकं आणि भोंगा जुना, म्हणून आवाज असा फाटका, असं अनेकांचं मत असतं. मला ते पटत नाही. ही खरखर बेंजोच्या घडणीतच आहे, आणि त्याची ओढही तिच्यातच आहे. नाव बेंजो असलं तरी हा अमेरिकेतला कातडी मढवलेला बँजो नव्हे. याचा पूर्वज जपानी ताइशोगोतो. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या कळा बघून तो १९१२ मध्ये घडवला. लांबट पेटीवर तारा आणि त्यांच्यावर बटणांची रांग. डाव्या हातानं बटण दाबलं की खालची पट्टी तारेवर टेकते आणि उजवा हात नखीनं तार छेडतो. बटणांच्या जागा पक्क्या, त्यामुळे सतारीसारखी तार ओढून मींड काढायची सोय नाही. सूर लांबवायचा तर त्याच तारेवर नखी झरझर मागेपुढे चालवावी लागते. म्हणजे आपल्याला जो सलग सूर वाटतो ती बारीक ठोक्यांची माळ असते, आणि तिच्यात बटणांची खटखट मिसळलेली असते.

पुढचं काम वीज करते. अँप्लिफायरला झेपेल त्याहून जास्त जोर दिला की ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले वरचे अंश त्यात शिरतात. भोंगा खर्ज जवळजवळ गाळूनच टाकतो. उरतो तो टोकदार आवाज, आणि माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यातच. शेजारून ट्रक जात असताना, ताशा कडाडत असताना गाण्याची चाल ऐकू यायची तर ती अशीच यावी लागते. हलगीही वाजवण्याआधी जाळावर शेकतात ती कातडं ताणून आवाज करकरीत व्हावा म्हणूनच. तिला कोणी बिघडलेली म्हणत नाही.

अशा खरखरीतून मुद्दाम संगीत करणारे बँड पश्चिमेतही झाले. लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसलनं १९७६ मध्ये ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही रेकॉर्ड कंपनी काढली, पश्चिम बर्लिनच्या आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेननं १९८० पासून पत्रे आणि ड्रिल वाजवले. त्यांच्याशी बेंजोची तुलना ओढूनताणून केलेली वाटेल. फरक आहेच. त्यांना गोड गाणं मोडायचं होतं, बेंजोवाल्याला ते वाजवायचं असतं. पण यंत्राचा आवाज हाताच्या लयीत बांधण्याची गंमत दोन्हीकडे एकच आहे.

गोंगाटाचा आक्षेप यापेक्षा वजनदार. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि ती पाळलीच पाहिजे. मात्र आवाजाचा मोठेपणा वेगळा आणि खरखरीतपणा वेगळा. डीजेच्या भिंतीचा आवाज उतरवला की तयार रेकॉर्ड तेवढी राहते. बेंजोचा उतरवला तरी नखीचे ठोके, बटणांची खटखट आणि त्यामागचा हात ऐकू येत राहतो.